आमच्या शाळेतील बाई

(तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजच्या परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत श्रद्धांजलीसाठी पाच मिनिटे राखून ठेवलेली आहेत. आपण सर्वांनी उभे राहून मौन पाळले, त्यात दोन मिनिटे गेली. उरलेल्या तीन मिनिटांत दुखवट्याचा ठराव वाचून दाखवावा असा प्रघात आहे, आणि तो ठराव लिहिण्याचे काम अध्यक्षांनी माझ्याकडे सोपविले होते. आजवरच्या नोकरीत असे ठराव मी पुष्कळ लिहिले आहेत. 'त्यांच्या निधनाने शिक्षणक्षेत्राची कधीही भरून न येणारी हानी झाली आहे' हे वाक्य माझ्या लेखणीतून इतक्या वेळा उतरले आहे की, नाव आणि तारीख यांच्यापुरती जागा मोकळी सोडून त्याचा एखादा छापील नमुनाच करून ठेवावा, असे कधी कधी वाटते. परंतु या खेपेस मला तो लिहिता आला नाही. म्हणून अध्यक्षांची अनुज्ञा घेऊन मी थोडा अधिक वेळ मागून घेतला आहे.

गेल्या पौष महिन्यात निवर्तलेल्या या भगिनींचे नाव मी घेत नाही. सभेत स्वतःच्या नावाचा उच्चार झालेला त्यांना कधीच रुचला नाही. आणि येथे बसलेल्यांपैकी निम्म्यांना मी कोणाविषयी बोलतो आहे हे एव्हाना उमगलेही असेल. आपल्या भागात त्यांना सारे नुसते 'बाई' म्हणत. मीही तसेच म्हणतो.

ठराव का लिहिता आला नाही, ते सांगतो. बाईंविषयी सरकारी कागदावर मी आजपर्यंत एकदाच लिहिले आहे. ते लिखाण एका शाळेच्या शेरेबुकात आहे, सात ओळींचे आहे आणि अन्यायाचे आहे. त्याच्यावर हा गोड शब्दांचा ठराव नेऊन ठेवणे मला प्रशस्त वाटेना.

मी १९९३ साली डोंगराकडच्या एका पाड्यावरील शाळेत रुजू झालो. त्या वेळी आपला सारा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला, हे आपण जाणताच. शाळा पूर्वी एकशिक्षकी होती. १९८७ साली सुरू झालेल्या खडू-फळा योजनेमुळे अशा शाळांना दुसरा शिक्षक मिळू लागला, त्या ओघात माझी तेथे नेमणूक झाली. बाई आधीपासून तेथे एकट्याने शाळा चालवीत होत्या आणि माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी वडील होत्या. पहिली-दुसरी त्यांच्याकडे आणि तिसरी-चौथी माझ्याकडे, अशी वाटणी झाली. दोन खोल्या, वर मंगळुरी कौले, पुढे एक व्हरांडा, आणि पावसाळ्यात त्या व्हरांड्याच्या पायरीपर्यंत येऊन ठेपणारा ओहळ, एवढा त्या शाळेचा संसार होता.

मी नुकताच पदविका घेऊन बाहेर पडलो होतो. माझी टाचणवही पाहून कोणीही मला शाबासकी दिली असती. हेतू, प्रस्तावना, विषयप्रतिपादन, मूल्यमापन, सारे यथासांग असे; फक्त ज्यांच्यासाठी ते सारे योजावयाचे ती मुले वर्गात निम्मीच असत. रोज सकाळी हजेरी घेताना मी गैरहजेरीच्या खुणा करीत जाई. त्याच वेळी शेजारच्या खोलीत बाई हजेरीपट मिटून एका दुसऱ्याच वहीत काही लिहीत असत. साधी दोनशे पानी वही. तपकिरी पुठ्ठा, पाठीला चिकटवलेली कापडाची पट्टी. पटावरच्या प्रत्येक मुलाला त्या वहीत एक पान दिलेले होते. घर पाड्याच्या कोणत्या टोकाला आहे, घरात कोण कोण आहे, मूल गुरे राखते काय आणि राखत असल्यास कोणाची, कोणत्या वारी आले नाही आणि का आले नाही, असा तो मजकूर. प्रथम मला तो बायकी चौकसपणा वाटला, हे कबूल करतो.

एके दिवशी मी विचारले, "बाई, ही वही तपासणीत दाखवावी लागते का?"

"नाही गुरुजी," त्या म्हणाल्या. "कोण आले नाही ते हजेरीपटात लिहिते. का आले नाही ते कोणत्या रजिस्टरात लिहायचे, ते मला कोणी सांगितलेलेच नाही. म्हणून ही वही केली."

त्या वहीतील एका पानाची हकीकत सांगतो. दुसरीतील एक मुलगी दर सोमवारी गैरहजर असे. इतर पाच दिवस ती सर्वांच्या आधी येऊन शाळेचे अंगण झाडीत असे, आणि सोमवारी मात्र तिचा पत्ता नसे. माझ्यासारख्याने तिला मंगळवारी उभे करून कारण विचारले असते आणि ती मान खाली घालून गप्प राहिली असती. बाई एका सोमवारी शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेल्या. सोमवार हा बाजाराचा दिवस. तिची आई पहाटे लाकडाची मोळी घेऊन बाजारास जात असे आणि धाकटे पोर हिच्या कडेवर देऊन जात असे. बाईंनी काही उपदेश केला नाही. पुढच्या सोमवारी त्यांनी एक जुने लुगडे आणले, व्हरांड्याच्या तुळईला असलेल्या कडीत ते अडकवून त्याची झोळी केली, आणि मुलीला निरोप धाडला की, भावाला घेऊन ये. ती आली. पोर झोळीत निजले. दर पाठानंतर एकेका मुलाने जाऊन झोळीला झोका द्यावा, असा नियम झाला. पुढे तशी आणखी एक-दोन बालके येऊ लागली आणि सोमवारची हजेरी इतर दिवसांच्या बरोबरीस आली.

दुसरे एक पान एका मुलाचे. दिवाळी झाली, भाताची मळणी उरकली, की पाड्यावरची अनेक कुटुंबे वीटभट्टीच्या कामासाठी बाहेर पडतात, हे आपणा सर्वांच्या रोजच्या अनुभवातले आहे. तो मुलगा आईबापांबरोबर निघाला, त्या दिवशी बाईंनी त्याच्या पानावर भट्टीच्या गावाचे नाव आणि पुस्तकातला तो शिकत असलेला पाठ लिहून ठेवला. होळीच्या सणाला कुटुंब पाड्यावर आले तेव्हा त्याच पाठापासून त्याला पुढे चालविले. आज अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण आहे, २००९ चा शिक्षणहक्काचा कायदाही आहे. त्या काळी यांतले काही हाताशी नसताना, कोणत्या पाठावर मुलाचे बोट सुटले एवढे टिपून ठेवणारी ती वही होती.

आणि तिसरी गोष्ट गुराख्यांची. डोंगराच्या पायथ्याला कुरण होते. तेथे चार-पाच मुले गुरे वळीत असत. त्यांची नावे आमच्या पटावर होती, पण शाळेचे दार त्यांनी क्वचितच पाहिले होते. बाई सकाळी वाट वाकडी करून त्या कुरणावर जात, सोबत पाटी आणि खडूचे तुकडे. अर्धा तास तेथे शिकवून मग शाळेत येत. कधी कधी घंटेच्या नंतरही येत. तेवढा वेळ दोन्ही खोल्या मला सांभाळाव्या लागत. मी सांभाळी, पण मनातून कुरकुरत असे.

हे सारे त्या कोठे शिकल्या? अध्यापक विद्यालयात असताना त्या एकदा कोसबादला जाऊन आल्या होत्या. त्या एका दिवसाचे त्यांना कौतुक फार. पावसाने दुपारी मुले लवकर सोडावी लागली, की व्हरांड्यात बसून त्या मला कोसबादची कथा सांगत. ती आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. तथापि येथे बसलेल्या तरुण शिक्षकांसाठी थोडक्यात सांगतो, कारण माझ्या आजच्या विषयाशी तिचा संबंध आहे.

गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. वकिली सोडून १९१६ साली ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. १९२३ च्या सुमारास ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. दोघांनी मिळून १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची उभारणी केली. पुढे ताराबाई मुंबईस आल्या आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले. १९३९ साली गिजुभाई निवर्तले. ज्याच्याजवळ आपण हे काम शिकलो तो सहकारी गेला, तेव्हा ताराबाई सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. शहरातील चांगली चालणारी शाळा सांभाळून त्या स्वस्थ राहिल्या असत्या तरी त्यांना कोणी नावे ठेवली नसती. परंतु १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, खेड्यातील बालशिक्षणाचा प्रयोग करण्यासाठी त्या बोर्डीला आल्या. आपण ज्या वयात सेवापुस्तक काढून निवृत्तीची तारीख मोजू लागतो ते हे वय. मी स्वतः त्याच वयाचा आहे म्हणून बोलतो.

बोर्डीला त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताईंचे वय तेव्हा पस्तीस. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य, अशा वाटेने त्या शिक्षिका झालेल्या. बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण हरिजन आणि आदिवासी वस्तीतील मुले तेथवर येईनात. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली आणि तिचे नाव अंगणवाडी झाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाल्यानंतर हा शब्द देशभर गेला. आज आपल्या शाळेच्या आवारात अंगणवाडीची पाटी आपण रोज पाहतो, ती बोर्डीच्या कोणा कुटुंबाच्या शेणाने सारवलेल्या अंगणातून आली आहे. १९५७ साली ते सारे काम कोसबादच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. तेथे मुले गुरांमागे जातात असे दिसताच शाळा गुरांमागे गेली. तिला कुरणशाळा म्हणत. मोठ्या बहिणी धाकट्या भावंडांमुळे घरी अडकतात असे दिसताच पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी राहिली. आमच्या तुळईवरची झोळी आणि पायथ्याचे कुरण यांचे मूळ हे असे होते.

ताराबाई ३१ ऑगस्ट १९७३ रोजी गेल्या. त्यानंतर अनुताईंनी एकोणीस वर्षे ते काम चालविले आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्याही गेल्या. म्हणजे मी त्या शाळेवर रुजू होण्याच्या काही महिने आधी. बाईंना ही तारीख पाठ होती.

अनुताई ताराबाईंजवळ अठ्ठावीस वर्षे होत्या. आपली ज्येष्ठ सहकारी काय करीत होती आणि कशासाठी करीत होती, हे दुसऱ्यास सांगण्याची वेळ आली तेव्हा त्यांना शब्द शोधावे लागले नसतील. मी पाच वर्षे बाईंच्या शेजारच्या खोलीत होतो. दोन खोल्यांमधली भिंत अर्ध्या विटेची होती. त्यांच्या मुलांची बाराखडी माझ्या मुलांच्या पाढ्यांत मिसळत असे. मला सांगण्याची वेळ आली तेव्हा मी काय केले, ते आता ऐका.

१९९८ साली माझी बदली झाली. पुढे विभागीय परीक्षा देऊन मी विस्तार अधिकारी झालो. २००६ सालच्या पावसाळ्यानंतर, नव्या पदावर येऊन मला दोन-तीन महिने झाले असतील, मी एका वरिष्ठांबरोबर शाळा तपासणीस निघालो आणि आमची जीप त्याच शाळेपुढे थांबली. सोमवार होता. दुसऱ्या जागेवरचे शिक्षक रजेवर होते. व्हरांड्यात झोळी होती, तिच्यात एक पोर होते, दुसरे एक खाली चिंचोक्यांशी खेळत होते. दोन्ही वर्गांतील मुले एका खोलीत बसून चौथीतील एका मुलीच्या मागून पाढे म्हणत होती. बाई शाळेत नव्हत्या.

वरिष्ठांनी झोळीकडे पाहून "हे काय?" एवढेच विचारले.

त्या दोन शब्दांचे उत्तर देऊ शकणारा त्या ठिकाणी मीच एकटा होतो. वहीतले ते पान मला माहीत होते, कुरण माहीत होते, कोसबाद माहीत होते. बाई या क्षणी कोठे असतील, हे मी घड्याळ पाहून सांगू शकलो असतो. मी काही बोललो नाही. जुन्या सहकारी म्हणून मी त्यांची बाजू घेतो, असे वरिष्ठांस वाटेल, ही एक भीती; आणि नव्या अधिकाऱ्याने पहिल्याच तपासणीत मवाळपणा दाखवू नये, ही दुसरी. मला कोणी लिहावयास सांगितले नव्हते. मी आपण होऊन शेरेबुक मागवून घेतले आणि लिहिले: भेटीच्या वेळी मुख्य शिक्षिका आवारात आढळल्या नाहीत, व्हरांड्यात पटावर नसलेली दोन बालके व झोळी आढळली, शाळेचे वातावरण शैक्षणिक नाही, त्वरित सुधारणा करून पूर्तता सादर करावी. असा एकूण मजकूर.

मी सही करीत होतो तोच बाई आल्या. चढण चढून दम लागलेला, पदर खोचलेला, हातात पाटी, आणि मागे दोन गुराखी मुले. त्यांनी प्रथम जीपकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग उघड्या शेरेबुकाकडे.

"नमस्कार साहेब," त्या म्हणाल्या.

तोपर्यंत त्यांनी मला नेहमी 'गुरुजी' म्हटले होते. त्यानंतर कधी म्हटले नाही.

आठ दिवसांत पूर्तता अहवाल आला. 'सूचनेनुसार झोळी काढण्यात आली आहे. शालेय वेळेत आवार सोडले जात नाही.' खाली त्यांची ठसठशीत सही. मी त्यावर 'दप्तरी दाखल' असे लिहून कागद खाली पाठविला. शिक्षण परिषदांत पुढे आमची गाठ पडत राहिली. माझ्या मुलाच्या शिक्षणाची त्या आवर्जून चौकशी करीत. त्या विषयाचा शब्दही त्यांनी काढला नाही. मलाही काढता आला असता. तो काढावयास माझ्याजवळ तेरा वर्षे होती, त्या निवृत्त झाल्यावरही काही वर्षे होती, आणि त्यांचे घर माझ्या फिरतीच्या वाटेवर होते.

बाई गेल्यानंतर त्यांचे चिरंजीव माझ्याकडे आले. आईने जपून ठेवलेल्या वह्यांचे काय करावे, असे त्यांनी विचारले आणि सतरा वह्या माझ्या टेबलावर ठेवल्या. २००६ ची वही मी त्या रात्री काढली. तीत माझ्याविषयी काही लिहिलेले असेल म्हणून मी प्रत्येक पान पाहिले. कोठेही एक अक्षर नाही. मात्र तिसरीतील एका मुलीच्या पानावर तपासणीच्या तारखेनंतर 'झोळी सोडली' असे दोन शब्द आहेत. त्यानंतर सोमवार गैरहजर. पुढचा सोमवार गैरहजर. मग सोमवार आणि मंगळवार. मग 'घरी गेले, आई म्हणते आता पोराला कोण बघणार'. दिवाळीनंतर 'वीटभट्टी', गावाचे नाव आणि पाठाचा क्रमांक. होळीस ती परत आल्याची नोंद नाही. जूनमध्ये 'नाव कमी'. कुरणावरच्या दोन मुलांची पाने मी आपणांस वाचून दाखवीत नाही. ती यांहून लहान आहेत.

मित्रहो, या मुलीचे पुढे काय झाले याचा शोध घ्यावयास मला दूर जावे लागले नाही. ती त्याच पाड्यावर नांदते आहे. तिचा मुलगा त्याच शाळेत पहिलीत आहे. यंदाच्या पालकसभेच्या वहीत इतर पालकांच्या सह्यांमध्ये तिचा अंगठा आहे.

गेल्या आठवड्यात मी त्या शाळेत गेलो होतो. २००६ चे शेरेबुक कपाटाच्या खालच्या खणात सुरक्षित आहे. एकदा लिहिलेला शेरा खोडता येत नाही, असा नियम आहे, आणि तो रास्तच आहे. म्हणून चालू शेरेबुकात, आजची तारीख घालून आणि जुन्या शेऱ्याचा पृष्ठक्रमांक देऊन, मी नवा शेरा लिहिला: सदर दिवशी शिक्षिका कुरणावरील पटावरच्या मुलांना शिकवीत होत्या, झोळीतील बालके पटावरील मुलींची भावंडे होती आणि त्या मुली त्यामुळेच शाळेत हजर राहत होत्या, ही वस्तुस्थिती तपासणी अधिकाऱ्यास पूर्वीपासून माहीत होती, त्याने ती नोंदविली नाही. खाली माझी सही आहे. त्याची प्रत मी बाईंच्या चिरंजीवांस दिली आहे आणि एक प्रत कार्यालयास सादर केली आहे. दुखवट्याच्या ठरावाऐवजी तेवढीच प्रत आजच्या इतिवृत्तास जोडावी, अशी माझी अध्यक्षांस विनंती आहे.

सतरा वह्या त्या शाळेत ठेवावयास चिरंजीवांनी संमती दिली आहे. सध्या तेथे ज्या शिक्षिका आहेत त्या आज येथे तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. वह्या चाळून झाल्यावर त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. दर सोमवारी चौथीतील एक मुलगी येत नाही. झोळी बांधली तर चालेल का, आणि चालत असेल तर तसे लेखी मिळेल का? लेखी मी त्याच दिवशी दिले. मग आम्ही दोघे व्हरांड्यात गेलो. कौले बदलली आहेत, भिंतींना नवा रंग आहे. तुळई जुनीच आहे. कडीवर रंगाचा थर बसला होता. चाकूने खरवडला तेव्हा ती फिरली.